‘लुनाना’ पाहिला आणि पहिली नेमणूक मेळघाटात आली : तिकडे राहिलेल्या शिक्षकांशी बोलायचं आहे

उदगीरकर (धागा सुरू करणारा)

नमस्कार मंडळी. मी लातूर जिल्ह्यातला, उदगीरजवळच्या गावचा. डी.एड. केलं, टीईटी ही शिक्षक पात्रता परीक्षा पास झालो, अभियोग्यता चाचणी दिली आणि शिक्षक भरतीच्या पवित्र पोर्टलवर प्राधान्यक्रम भरून वाट बघत बसलो. यादी लागली तेव्हा नावापुढे अमरावती जिल्हा परिषद होती. समुपदेशनात जी शाळा मिळाली ती धारणी तालुक्यात, मेळघाटात. द्विशिक्षकी शाळा, पहिली ते चौथी. शिक्षण सेवक, म्हणजे मानधनावरचा शिक्षक, म्हणून तीन वर्षं, मानधन महिना 16,000.

घरात पेढे वाटून झाले आणि मग नकाशा उघडला. आईला मेळघाट म्हटलं की पेपरात वाचलेले बालमृत्यूच आठवतात, त्यामुळे तिने दोन दिवस नीट जेवण केलं नाही. वडील म्हणाले, आधी हजर तर हो, आंतरजिल्हा बदलीचं नंतर बघू. म्हणजे मी अजून शाळेचं दारही पाहिलं नाही आणि घरात परत यायच्या वाटेची चर्चा सुरू झाली आहे.

त्याच आठवड्यात खोलीवरच्या मित्राने ‘लुनाना : अ याक इन द क्लासरूम’ हा भूतानचा चित्रपट लावला. ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. उग्येन नावाचा तरुण शिक्षक थिंफूत आजीजवळ राहतो. त्याला शिकवण्यात रस नाही, ऑस्ट्रेलियात जाऊन गायक व्हायचं आहे. सरकारी सेवेचं एक वर्ष उरलेलं असतं आणि खातं त्याला लुनानाला पाठवतं. गासापर्यंत गाडी आणि तिथून पुढे कित्येक दिवसांची चाल. गावात वीज नाही, वर्गात फळा नाही, जाळायला याकचं वाळलं शेण. पोचल्यावर तो पहिल्यांदा हेच सांगतो की मला परत जायचं आहे. पुढे तो रमतो, मुलं त्याला जीव लावतात, आणि हिवाळ्याआधी, बर्फाने वाटा बंद व्हायच्या आत, तो खाली उतरतो. शेवटी तो ऑस्ट्रेलियात असतो.

चित्रपट मला फार आवडला, आणि म्हणूनच एक गोष्ट मनातून जात नाही. मुलं त्याला थांबा म्हणत असतात आणि तो जातो. मी सुद्धा तीन वर्षांनी जाणार, निदान घरच्यांच्या डोक्यात तेच आहे. मला विचारायचं आहे ते हे : ठरावीक मुदतीसाठी येऊन निघून जाणारा शिक्षक अशा गावाला खरंच उपयोगाचा असतो का? की तो पोरांना फक्त सवय लावतो आणि तोडून जातो?

शिवाय मला कोरकू येत नाही. पहिलीच्या मुलांशी पहिल्या दिवशी बोलायचं तरी काय? ज्यांनी तिकडे काढली आहेत वर्षं त्यांनी कृपया लिहा. चित्रपटाबद्दलही लिहा, त्यातलं किती खरं वाटलं ते.

पडद्यापुढचा

शिक्षकी पेशाशी माझा संबंध नाही, पण आमच्या सांगलीच्या मित्रमंडळात हा चित्रपट दाखवून त्यावर चर्चा केली होती, म्हणून चित्रपटापुरतं लिहितो.

दिग्दर्शक पावो चोयनिंग दोरजी, त्यांचा हा पहिला पूर्ण लांबीचा चित्रपट, 2019 चा. चित्रीकरण खरोखर लुनानात झालं. तिथे वीज नसल्यामुळे कॅमेरे सौरऊर्जेवर चार्ज केलेल्या बॅटऱ्यांवर चालवले. गावकरी आणि मुलं बहुतेक तिथलीच. वर्गाची मॉनिटर झालेली पेम झाम ही मुलगी खरी लुनानाची, आणि पडद्यावर ती स्वतःच्याच नावाने वावरते. भूतानने हा चित्रपट ऑस्करला पाठवला तेव्हा तो पहिल्या खेपेस स्वीकारलाच गेला नाही, कारण देशात निवड करणारी मान्यताप्राप्त समितीच नव्हती. मग तशी व्यवस्था झाली, चित्रपट पुन्हा पाठवला आणि 2022 च्या ऑस्करमध्ये आंतरराष्ट्रीय चित्रपटाच्या विभागात अंतिम पाचांत आला. भूतानचं हे पहिलं नामांकन. पुरस्कार जपानच्या ‘ड्राइव्ह माय कार’ला मिळाला.

मला यातली सर्वांत मोलाची जागा कागदाची वाटते. वर्गात लिहायला कागद संपतो. उग्येनच्या खोलीच्या खिडकीला थंडी अडवायला हाती बनवलेला जाड कागद लावलेला असतो. तो काढतो आणि मुलांना वाटून टाकतो. एक शब्द बोलत नाही. आता रात्री वारा आत येणार हे आपल्याला कळतं, त्यालाही कळतं. या माणसात बदल झाला हे सांगायला दिग्दर्शकाने भाषण वापरलं नाही, म्हणून तो बदल खरा वाटतो.

आणि त्याचं जाणं मला खटकलं नाही. उलट तो गावातच राहिला असता तर ती परीकथा झाली असती. भूतानमधून ऑस्ट्रेलियाला जाणाऱ्या तरुणांचं प्रमाण मोठं आहे, त्यांत शिक्षकही आहेत. दिग्दर्शकाने आपल्या देशाचं दुखणं झाकलं नाही. आणखी एक : वाटेवरच्या प्रत्येक मुक्कामाला पडद्यावर उंची आणि लोकसंख्या लिहून येते. कोइना या ठिकाणी लोकसंख्या तीन. त्या आकड्यांनीच आपण किती वर चढलो हे अंगाला जाणवतं.

एक उणीव सांगतो. लुनाना पडद्यावर इतकं सुंदर दिसतं की तिथल्या जगण्यातली धास्ती दबून जाते. 1994 साली त्याच खोऱ्यात वरचं हिमसरोवर फुटून पूर आला आणि माणसं गेली. हिमनद्या वितळत असल्याचा उल्लेख चित्रपटात येतो, पण येतो आणि जातो.

सिपनाकाठची बाई

उदगीरकर, आधी मनापासून अभिनंदन.

मी मूळची अकोल्याकडची. 2004 मध्ये शिक्षण सेवक म्हणून मेळघाटात रुजू झाले, तेव्हा मानधन 3,000 रुपये होतं. मधली काही वर्षं अचलपूरच्या बाजूला होते, नंतर स्वतः मागून परत वर आले. गावाचं नाव लिहीत नाही, कारण पोरांबद्दल लिहायचं आहे. मी पहिल्यांदा आले ती अकोल्याहून खंडव्याकडे जाणाऱ्या मीटरगेज गाडीने. धुळघाटला रूळ चक्क गोल फिरून स्वतःच्याच वरून जायचे, आणि मी खिडकीतून आपल्याच गाडीची वाट खाली बघत होते. ती गाडी 2017 मध्ये बंद झाली. तुम्ही परतवाड्यावरून एसटीने याल. सेमाडोह, हरिसाल, मग धारणी. घाट लागतो, पुढच्या सीटवर बसा.

चित्रपट आम्ही आमच्या केंद्रातल्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटातल्या, बायांनी मिळून पाहिला. गावकरी दोन तास चालत सामोरे येतात तो प्रसंग आला तेव्हा आमच्यातली एकही बोलली नाही. हे खरं आहे हो. तुम्ही अजून काही केलेलं नसतं आणि गाव तुम्हाला मान देऊन मोकळं होतं. मी उतरले त्या दिवशी एका म्हाताऱ्या बाईने माझी पत्र्याची पेटी डोक्यावर घेतली आणि नको नको म्हणत असताना शाळेपर्यंत आणून ठेवली. तो मान घेताना अंगावर ओझं येतं. ते ओझं उतरवून टाकू नका, पहिल्या वर्षी तेच तुम्हाला धरून ठेवतं.

सकाळी पेम झाम त्याला उठवायला येते, शाळा साडेआठला असते, आता नऊ वाजलेत, असं सांगते. तशी पोरगी प्रत्येक शाळेत एक असते. तुमच्याही शाळेत असेल, तिला शोधा. माझ्या वेळी ती चौथीत होती, धाकट्या भावाला कडेवर घेऊनच वर्गात बसायची. पहिलीच्या पोरांशी माझं बोलणं तिच्याचमुळे सुरू झालं.

आता भाषेचं. इथे मात्र चित्रपट तुमच्या कामाला येणार नाही, म्हणून नीट वाचा. उग्येन ‘सी’वरून ‘कार’ सांगतो आणि मुलांनी गाडी पाहिलेलीच नसते. मग तो ‘काऊ’ सांगतो आणि अडचण सुटते. म्हणजे तिथे वस्तू अनोळखी होती, पण मास्तर आणि पोरं एकमेकांशी बोलू शकत होते. मेळघाटात उलट होतं. मी घड्याळाचं चित्र दाखवलं, नदीचं दाखवलं, बैलाचं दाखवलं. पोरांना सगळं ठाऊक होतं, माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. फक्त मी जे तोंडाने म्हणत होते ते त्यांना कळत नव्हतं. कोरकू ही मराठीची बोली नाही. तिचं कूळच वेगळं, मुंडारी-संथाळीच्या घरातली ती. पाण्याला ‘डा’, खाण्याला ‘जोम’. कान कितीही देऊन ऐका, मराठीवरून अंदाज लागत नाही. आणि गप्प बसलेल्या पोराला आपले काही साहेब ‘अप्रगत’ लिहून मोकळे होतात. सहा वर्षांचं लेकरू जंगलातल्या पन्नास झाडांची नावं सांगतं आणि शाळेच्या कागदावर ते अप्रगत. याचा मला आजही संताप येतो.

तर पहिल्या दिवशी काय बोलायचं? तुम्ही बोलूच नका, त्यांना बोलू द्या. वस्तू पुढे ठेवा आणि विचारा. ते हसतील, ओरडून सांगतील, तुमचा उच्चार सुधारतील. फळ्याचे दोन भाग करा, एकीकडे त्यांचा शब्द देवनागरीत, दुसरीकडे मराठीचा. अंगणवाडीची ताई आणि खिचडी शिजवणारी बाई या दोघींना पहिल्या आठवड्यातच विचारून ठेवा, रोज थोडा वेळ वर्गात बसाल का म्हणून. मोठ्या पोरांना बाजारामुळे हिंदी बऱ्यापैकी येते. सुरुवातीचे महिने हिंदीच्या आधाराने निघतात, पण त्यावर अवलंबून राहिलात तर पहिलीची पोरं तशीच मागे राहतील.

आता तुमचा मोठा प्रश्न. तीन वर्षांचा मास्तर उपयोगाचा असतो का. मी सांगते, असतो, पण तो रात्री गावात असला तर.

बरेच जण धारणीला किंवा परतवाड्याला खोली घेतात आणि अपडाऊन करतात. कागदावर मुख्यालयी, म्हणजे शाळेच्या गावात, राहतात, त्याचा ग्रामसभेचा ठरावही असतो. मी कुणाला नावं ठेवायला बसले नाही. लेकरांची शाळा, म्हातारे आईबाप, कारणं खरी असतात. पण तुम्ही एकटे आहात, तरुण आहात, तुम्ही राहू शकता. कारण असं आहे की आमच्याकडचे आईबाप दिवसा भेटतच नाहीत. शेत, मजुरी, जंगल. दुपारची पालकसभा लावली की माझ्यापुढे दोन म्हातारे आणि एक बाळंतीण. तेच लोक दिवेलागणीनंतर ओट्यावर असतात. कोरकू गावात घरं समोरासमोर दोन रांगांत असतात, मध्ये रुंद मोकळा रस्ता. त्या रस्त्याने संध्याकाळी एक फेरी मारली की सगळं गाव भेटतं. कोण कधी कामाला बाहेर जाणार, कोणती पोरगी आजारी आहे, कोणाच्या घरी पोराला ठेवायला आजी आहे, हे मला कोणत्याही ऑनलाइन माहितीतून कळलं नाही, त्या फेरीत कळलं. पावणेपाचची गाडी धरणाऱ्या मास्तरला हे गाव कधी भेटतच नाही, मग तो तीन वर्षं असो की दहा.

दिवाळीनंतर गाव रिकामं व्हायला लागतं. हरभऱ्याची सोंगणी, संत्र्याच्या बागा, वीटभट्ट्या. होळीला सगळे परत येतात, होळी हा इथला सर्वांत मोठा सण. होळीच्या दिवसांत बाहेरून कुणी तपासणीला येणार असेल तर हजेरी पटावर दिसणार नाही हे आधीच सांगून ठेवा. जी पोरं आईबापांबरोबर जातात त्यांना शिक्षण हमी कार्ड देता येतं, म्हणजे जिथे जातील तिथल्या शाळेत बसता येतं. जी मागे राहू शकतात त्यांच्यासाठी हंगामी वसतिगृहाचा प्रस्ताव असतो. पण दोन्हीसाठी कोण केव्हा निघणार हे निघायच्या आधी माहीत हवं. ते तुम्हाला संध्याकाळीच कळेल.

मार्च-एप्रिलात मोह. पहाटे अंधारात पोरं आईबरोबर फुलं वेचायला जातात आणि सकाळच्या शाळेला उशिरा येतात, डोळे लाल. सुरुवातीला माझ्या वरिष्ठांनी हजेरीवरून बोल लावले. मी शाळा व्यवस्थापन समितीशी बोलून त्या पोरांसाठी उशिराचा वेगळा तास धरला आणि गणित मोहफुलांवरच घेतलं. ओली फुलं, सुकली फुलं, वजन किती उतरलं, किलोचा भाव, एकूण किती. एका बाजारात चौथीच्या पोराने बापाच्या शेजारी उभं राहून काट्याचा आकडा वाचला आणि हिशेब चुकलाय म्हणून सांगितलं. त्यानंतर त्या बापाने घरातली तिन्ही लेकरं शाळेत आणून बसवली.

पडद्यापुढचा यांना चित्रपटातलं जाणं पटलं. मलाही त्याचा राग आला नाही. पण मला पुढचा मास्तर पाहायचा होता. बर्फ वितळल्यावर शाळेचं कुलूप कोणी उघडलं? त्याला पेम झामबद्दल काय माहीत होतं? तिचा बाप दारूत आणि जुगारात, ती आजीपाशी वाढते, ती हुशार आहे, हे त्याला कोणी सांगितलं? मी रुजू झाले तेव्हा मला किल्ल्यांचा जुडगा, हजेरीपट आणि तांदळाचं रजिस्टर मिळालं. पोरांबद्दल एक ओळ नाही. आधीच्या गुरुजींनी तिथे बरंच केलं असणार, पण ते सगळं त्यांच्या डोक्यात होतं आणि त्यांच्याबरोबर गेलं.

म्हणून मी प्रत्येक पोराची चार पानं ठेवते. साधी वही. वाचायला कुठपर्यंत आला, कोणत्या अक्षराशी अडतो, आईबाप कुठे आणि कोणत्या महिन्यात जातात, कोणाचं ऐकतो, कशाला घाबरतो, घरी कोणती बोली. बदली झाली तेव्हा ती वही पुढच्या मॅडमच्या हातात दिली, आणि एक दिवस थांबून तिच्याबरोबर घरोघर फिरले. त्या पोरांना नवी बाई अनोळखी वाटली नाही. पोरं तुटतात ती मास्तर गेला म्हणून नाही, दर वेळी पुन्हा पहिल्यापासून सुरू करावं लागतं म्हणून. तुम्ही तीन वर्षांनी गेलात तरी चालेल. जाताना मागून येणाऱ्याला काही ठेवून जा, आणि ते लिहायला पहिल्या महिन्यापासून लागा.

निवृत्त केंद्रप्रमुख

बाईंनी लिहिलं त्यात मी काही घालू शकत नाही. मी गडचिरोलीकडे नोकरी केली. तिकडे पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागड बाहेरच्या जगापासून तुटतं. लुनानाच्या वाटा बर्फाने बंद होतात, आमच्या पाण्याने व्हायच्या. शाळा चालू राहायची ती मुक्कामी असलेल्या शिक्षकाच्याच जिवावर, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

उदगीरकर, तुम्हाला कागदाचं सांगतो, कारण नवीन मुलं तिथे अडतात. हजर होताना वैद्यकीय प्रमाणपत्र, मूळ कागदपत्रं आणि त्यांच्या भरपूर प्रती जवळ ठेवा. डोंगरात झेरॉक्स शोधण्यात दिवस जातो. शाळेचा चार्ज घेताना यादी वाचून, वस्तू मोजून मगच सही करा. तांदूळ तोलून घ्या. शालार्थ या पगाराच्या ऑनलाइन प्रणालीत नाव चढेपर्यंत मानधन सुरू होत नाही, म्हणून पहिल्या काही महिन्यांचा खर्च घरून घेऊन निघा. यात लाजण्यासारखं काही नाही.

बदलीबद्दल : अवघड क्षेत्रात ठरावीक सेवा झाली की जिल्ह्यातल्या जिल्ह्यात बदलीचा हक्क मिळतो, तो तुमचा हक्क आहे आणि तो वापरणं गैर नाही. गैर आहे ती प्रतिनियुक्ती. शिक्षक पटावर डोंगरातल्या शाळेचा आणि प्रत्यक्षात बसतो तालुक्याच्या कचेरीत. त्या शाळेत दुसरा शिक्षक दिला जात नाही, कारण कागदावर जागा भरलेली असते. साठपर्यंत पट असला तरी दोन शिक्षक असले पाहिजेत, असं शिक्षण हक्क कायदा सांगतो. एकाच शिक्षकाने चार वर्ग, खिचडी आणि माहिती भरणं सांभाळलं की शिकवणं उरत नाही. तुम्ही तरुण आहात, कुणी गोडीने विचारेल की कचेरीत मदतीला या. नाही म्हणा. लेखी आदेश मागा.

चित्रपट मी काल रात्री पाहिला, या धाग्यामुळे. भविष्याला हात लावतो म्हणून मला शिक्षक व्हायचं आहे, असं वर्गातला एक मुलगा सांगतो तिथे मी थांबवला आणि जरा बाहेर अंगणात जाऊन आलो. माझ्या पहिल्या वर्गातला एक मुलगा आज शिक्षक आहे.

उदगीरकर

सगळ्यांचे आभार कसे मानू कळत नाही. बाईंचा प्रतिसाद आईला वाचून दाखवला. तिने एवढंच विचारलं की त्या एकट्या राहतात का आणि काय खातात. रात्री ती वडिलांना म्हणाली, आधी जाऊ द्या त्याला, बदलीचं आत्ता बोलू नका.

बाई, अजून दोन गोष्टी. खोलीचं आणि जेवणाचं कसं करू? आणि उग्येनकडे गिटार होती, मला गाणं अजिबात येत नाही. मुलांना बांधून ठेवायला माझ्याकडे तसं काहीच नाही.

सिपनाकाठची बाई

आईंना सांगा, सुरुवातीला एकटी राहिले, शेजारच्या घरच्या लेकी रात्री सोबतीला यायच्या. खायला ज्वारीची भाकरी, तुरीची डाळ, पावसाळ्यात रानभाज्या. कुटकी या बारीक भरडधान्याचा भात शिकून घ्या, पोटाला हलका असतो. पहिले काही दिवस सरपंच किंवा पोलीस पाटलाच्या घरी जेवणाची सोय होईल, पण स्वतःचा गॅस लवकर लावा. त्या घरात तुमच्यासाठी वेगळं शिजवलं जातं आणि तो खर्च त्यांना जड जातो, ते बोलून दाखवणार नाहीत. खोली गावाच्या रांगेतलीच बघा. शाळेच्या मागे एकटी खोली असेल तर ती घेऊ नका, पावसाळ्यात सापविंचू असतात आणि हाक मारली तर कुणाला ऐकू जात नाही.

सोबत आणायचं : मच्छरदाणी, चांगली बॅटरी, गमबूट, पाणी उकळायला मोठं पातेलं, तापाच्या गोळ्या, ओआरएसची पाकिटं. पाकिटं जास्त आणा, गावात लागतात. ताप आला तर अंगावर काढू नका, उपकेंद्रात जाऊन रक्त तपासून घ्या. मोबाइलला रेंज कुठे येते ते पोरं दाखवतील, बहुतेक एखाद्या टेकडीवर. आईंना फोनची वेळ ठरवून द्या म्हणजे त्यांना घोर लागणार नाही.

गाण्याचं म्हणाल तर त्या चित्रपटात याकचं गाणं उग्येन कुणाकडून शिकतो ते आठवा. साल्दोन ही गावातली मुलगी डोंगरावर बसून ते गाते आणि हा खाली बसून ऐकतो. तुमच्या गावात दिवाळीनंतर थाट्यांचा, म्हणजे गुराख्यांचा, नाच होईल, होळीला रात्रभर ढोल वाजेल. जाऊन बसा. पोरं हात धरून रिंगणात ओढतील तेव्हा उठा. आणि तुम्हाला येतं काय ते सांगा. क्रिकेट येतं? सायकल दुरुस्त करता येते? चित्र? शिवण? माझ्या शाळेतल्या एका गुरुजींना फक्त बी-रोपांचा नाद होता. त्यांनी शाळेमागे वांगी-टोमॅटो लावले आणि खिचडीत भाजी पडायला लागली. पोरं सुट्टीतही पाणी घालायला यायची.

जून उजाडायच्या आधी, शाळा बंद असतानाच, एकदा येऊन जा. वर्ग सुरू झाल्यावर आलात तर पहिल्या दिवसापासून तुम्ही गुरुजी. मेमध्ये आलात तर दोन दिवस नुसता पाहुणा म्हणून गावात फिरता येईल. परतवाड्याहून सकाळची गाडी धरा, दुपारनंतरची घाटात रात्र करते. धारणीला उतरलात की इथे लिहा, आमच्या केंद्रातलं कुणीतरी त्या बाजूला असतंच, तुम्हाला गावापर्यंत सोडेल.